मध्ययुगीन वनस्पती-पोथ्यांतली चित्रं बघून खरंच कुणी झाड ओळखत होतं का?

रंगपेटी (परळ)

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण जाणकारांनी जरूर लिहा.

माझ्या आजीची औषधांची एक वही आहे. मूळ तिच्या आजोबांची, राजापूरकडची, मोडीत लिहिलेली, ती आजीच्या वडिलांनी बालबोधीत उतरवून घेतली आणि मग आजीने स्वतः त्यात साठ वर्षं भर घातली. आजी आता ८८ वर्षांची आहे. मी चित्रकार आहे, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, तर मी ठरवलं की या वहीची एक नीट प्रत करायची, प्रत्येक झाडाचं चित्र काढून, म्हणजे आमच्या पुढच्या पिढीला निदान कळेल की आजी काय म्हणत होती.

त्यासाठी जुनी उदाहरणं बघताना युरोपातल्या मध्ययुगातल्या सचित्र वनस्पती-पोथ्या सापडल्या आणि गेले दोन महिने मी त्यातच आहे. काही चित्रं इतकी सुंदर आहेत की श्वास रोखून बघावं. पण काही, विशेषतः ते आपुलेयस या रोमन लेखकाच्या नावाने चालणारं औषधी वनस्पतींचं पुस्तक आहे ना, त्याच्या प्रती, त्यात झाड म्हणजे मधोमध एक दांडा आणि दोन्ही बाजूंना अगदी मोजून सारखी पानं, रांगोळीत काढतो तशी. त्यावरून झाड ओळखायचं म्हटलं तर मला तरी जमणार नाही. आमच्या कॉलेजातले एक सर म्हणायचे की हे सगळं नकलेवरून नक्कल मारत गेल्याने झालं, कुणी झाड बघून काढलेलंच नाही, आणि या पोथ्या श्रीमंतांच्या कपाटातल्या शोभेच्या वस्तू होत्या.

मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. लिहायला इतकी महागडी कातडी, इतके रंग, इतके महिने, आणि वापर शून्य? तर वाचणारे लोक या पोथ्या नक्की कशा वापरायचे? त्यावर माझं बरंच अवलंबून आहे, कारण मी कशी चित्रं काढायची ते मला ठरवता येत नाहीये.

---

जुनी_पोथी

छान विषय काढलात. मी हस्तलिखितांच्या जतनाच्या कामात आहे, आपल्याकडच्या पोथ्यांच्या, पण या युरोपियन पोथ्यांचं वेड जुनं आहे.

शोभेची वस्तू म्हणून सुरू झालेल्या पोथीचं पुढे काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे व्हिएन्नाची डायोस्कोरिडीसची पोथी. डायोस्कोरिडीस हा पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य, आजच्या तुर्कस्तानातल्या अनाझार्बसचा. त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाची ही प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये साधारण ५१२ साली अनिकिया जुलियाना नावाच्या राजघराण्यातल्या बाईंसाठी झाली. त्यांनी बांधलेल्या एका चर्चबद्दल तिथल्या लोकांनी कृतज्ञता म्हणून ती दिली. पानभर आकाराची पावणेचारशेच्या वर वनस्पतींची चित्रं आहेत. म्हणजे भेटवस्तूच, तुमचे सर म्हणतात तशी.

पण नंतर बघा. ही पोथी जवळजवळ हजार वर्षं त्याच शहरात राहिली आणि एका मठाला जोडलेल्या रुग्णालयात वापरात होती. १४०६ मध्ये तिथल्या नथानाएल नावाच्या साधूने जॉन खोर्तास्मेनोस याच्याकडून ती नव्याने बांधून घेतली आणि जुनी मोठ्या अक्षरांची लिपी तोवर लोकांना वाचायला जड जात होती म्हणून मजकूर नव्या वळणाच्या अक्षरात पानांवर पुन्हा लिहून घेतला. तुमच्या पणजोबांनी मोडीचं बालबोध केलं, तेच हे. शोभेच्या वस्तूसाठी एवढी खटपट कोण करतं?

पुढे शहर तुर्कांकडे गेलं, पोथी सुलतान सुलेमानच्या ज्यू वैद्याच्या, मोझेस हामोनच्या घरी आली. आता तुम्ही त्या पोथीचे फोटो मोठे करून बघा (फुकट बघता येतात), चित्रांच्या शेजारी ग्रीक नावाबरोबर अरबी लिपीत नाव आहे, हिब्रू लिपीत नाव आहे, वेगवेगळ्या हातांची, वेगवेगळ्या शाईची. मला विचाराल तर या पोथीतला सगळ्यात मौल्यवान भाग तोच. मोर असलेलं पान नव्हे, जुलियानाचं पान नव्हे. ही बारीक नावं. प्रत्येक वाचणाऱ्याने आपल्या भाषेतलं नाव त्या चित्रापाशी आणून ठेवलंय.

१५६२ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताने, बुस्बेकने, पत्रात लिहिलंय की हामोनच्या मुलाकडे ही पोथी आहे, शंभर डुकाट (सोन्याची नाणी) मागतोय, आणि बाहेरून किडीने इतकी खाल्लीय की रस्त्यात पडलेली दिसली तरी कुणी उचलायला वाकणार नाही. शोभेच्या वस्तूची अशी दशा होत नाही हो.

रंगांबद्दल एक. हिरव्यासाठी बऱ्याचदा जंगाल वापरायचे, म्हणजे तांब्यावर आंबट धरून काढलेला रंग, आपल्या लघुचित्रांतही असतो. तो कालांतराने खालचं कातडं किंवा कागद खातो. कित्येक पोथ्यांत पानाच्या आकाराचं भोकच उरलंय. तुम्ही हिरवा कुठला वापरताय ते नीट बघा, वही टिकायला हवी असेल तर.

---

सहाण

मी दुकानाच्या बाजूने लिहिते. आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून, मी पस्तीस वर्षं गल्ल्यावर आणि आत निवडायला दोन्हीकडे बसले आहे.

बाळगुटी घ्यायला नवीन आई येते तेव्हा हिरडा, बेहडा, जायफळ ती ओळखते. पण वेखंड, अतिविष, नागरमोथा, जेष्ठमध, काकडशिंगी हे सगळं वाळलेलं समोर ठेवलं की तिला सगळंच काडी आणि खडा दिसतं. हल्ली मुली मोबाईलवर फोटो घेऊन येतात, फोटोत ताजं हिरवं झाड फुलासकट, आणि माझ्या पुडीत त्याचं सुकलेलं मूळ. फोटो शंभर टक्के खरा असतो आणि तरी उपयोग शून्य. मग मी काय करते, वेखंड मोडून नाकाशी धरते, जेष्ठमध जिभेवर ठेवायला देते. एकदा वास बसला की जन्मभर चुकत नाही. नंतर त्यांना सांगते की घरी जाऊन प्रत्येक पुडीवर नाव लिहून ठेवा आणि शेजारी किती वेढे उगाळायचे तेही लिहा, कारण रात्री तीन वाजता बाळ रडत असताना वास आठवतो पण वेढे आठवत नाहीत.

त्या पोथ्या वापरणारे लोक पण असेच असणार असं मला वाटतं. झाड माहीत होतं, माप विसरायला होत होतं.

---

रंगपेटी

सहाणताई, तुमचं वाचून पटकन उठून आजीची वही परत उघडली. खरंच तिच्यात झाड कसं दिसतं हे जवळजवळ कुठेच लिहिलेलं नाही! सगळं किती घ्यायचं, कशात उगाळायचं, किती दिवस, आणि कुणाला लागू पडलं. "धाकट्या जाऊबाईंना दिले, गुण आला" असं.

पण मग माझा प्रश्न उलट अवघड झाला. झाड माहीतच होतं तर चित्र कशाला?

---

पानगळ

वनस्पतीशास्त्र शिकवलं तीस वर्षं, आता निवृत्त. राणीच्या बागेत आणि बोरिवलीला नॅशनल पार्कात मुलांना घेऊन जातो अजून.

चित्र पुरत नाही ही तक्रार मध्ययुगाच्याही आधीची आहे. रोमन लेखक प्लिनी, जो ७९ साली व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, त्याने लिहून ठेवलंय की क्रातेवास वगैरे लोकांनी रंगीत चित्रं काढून वनस्पती दाखवल्या, पण रंग फसवतात, नकला करणाऱ्यांच्या हातून बिघडत जातात आणि मुख्य म्हणजे एका ऋतूतलं रूप काढून भागत नाही कारण झाड वर्षभर बदलत असतं. आणि खुद्द डायोस्कोरिडीस प्रस्तावनेत सांगतो की ज्याने फक्त कोंब पाहिलाय त्याला भरात आलेलं झाड ओळखता येणार नाही आणि उलटही, म्हणून सगळ्या अवस्थांत स्वतः जाऊन बघा.

मुंबईकरांना हे शेवळाने समजतं. पावसाच्या तोंडावर दादरला पालघर-वसईकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात, तो जांभळट कोंब. त्याचं पान नंतर येतं आणि ते इतकं वेगळं दिसतं की दोन्ही एकाच कंदाची हे न सांगता कुणाला कळणार नाही. आता एका पानावर एक चित्र काढायचंय, तुम्ही कुठलं काढाल? आणि कुठलंही काढलंत तरी त्याबरोबर काकडं (ती आंबट फळं) टाकायची, नाहीतर घसा खाजून जीव जाईल, हे चित्रात येतच नाही. ते त्या मावशी सांगतात, काकडं हातात ठेवूनच सांगतात.

चरकसंहितेत सुरुवातीच्याच अध्यायात म्हटलंय की औषधींची नावं आणि रूपं शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनात राहणारे जाणतात. नुसतं नाव-रूप कळलं म्हणजे वैद्यकी आली असं नाही हेही तिथेच आहे, पण ओळख कुठे शिकायची ते स्पष्ट सांगितलंय. आपल्या निघंटूंत, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांत, चित्रं नाहीत, नावांच्या याद्या आहेत, गुण आहेत. ओळख माणसाकडून.

तुमच्या सरांचं मत हवेतलं नाही बरं का. चार्ल्स सिंगर नावाचा वैद्यकाचा मोठा इतिहासकार होता, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, त्याचं म्हणणं साधारण हेच की इंग्लंडातल्या साधूंनी भूमध्य समुद्राकाठच्या वनस्पतींची पुस्तकं डोळे मिटून उतरवली, जी झाडं तिथे उगवतच नाहीत त्यांचीसुद्धा. त्याला १९७९ मध्ये लिंडा व्हॉइट्स यांनी उत्तर दिलं. मठात बागा होत्या, वाळलेली औषधं व्यापारातून येत होती, आणि पोथ्यांवर वापराच्या खुणा आहेत. मला हे पटतं. सेंट गाल मठात नवव्या शतकातला एका आदर्श मठाचा आराखडा आहे, त्यात रुग्णालयाला लागूनच औषधी बागेचे सोळा वाफे आखलेत, प्रत्येकावर नाव लिहून. म्हणजे पुस्तक आत, झाड दाराबाहेर. ओळखायला चित्र लागतच नव्हतं.

आणि "कुणी झाड बघून काढलंच नाही" हे तर चूकच. बरी सेंट एडमंड्सच्या मठातली अकराव्या शतकाच्या अखेरची एक पोथी आज ऑक्सफर्डला आहे, त्यात काही चित्रं सरळ झाड समोर ठेवून काढलेली आहेत, आणि लॅटिन नावांशेजारी नंतर कुणीतरी इंग्रजी नावं घातलीत. त्याच पोथीत बाकीची चित्रं जुन्या नकलेची. जे परसात होतं ते बघून काढलं, जे नव्हतं ते पुस्तकातून घेतलं. यात चूक काय?

---

गच्चीतली_तुळस

वाचतेय, मस्त चाललंय. ते मँड्रेकचं मूळ माणसासारखं असतं आणि उपटलं की किंचाळतं म्हणून कुत्र्याला बांधून उपटायचे, ते याच पोथ्यांत ना? आणि ते वॉयनिच हस्तलिखित पण यातलंच का, कुणालाच वाचता येत नाही ते?

---

जुनी_पोथी

@गच्चीतली_तुळस, हो, कुत्रा त्याच पोथ्यांत. वॉयनिच येल विद्यापीठात आहे, कातडं पंधराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतलं निघालं, झाडांची चित्रं भरपूर पण लिपी अजून सुटलेली नाही, त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

@रंगपेटी, चित्र कशाला याचं माझं उत्तर: पान सापडायला. त्या पोथ्यांत आपल्यासारखी पटकन शोधायची सोय फारशी नसायची. जाडजूड पोथी, वाचणारा घाईत. पान उलटताना चित्र आधी दिसतं. आपुलेयसच्या पोथ्यांत झाडाच्या बुंध्याशी साप किंवा विंचू काढलेला असतो, तो नक्षीचा भाग वाटतो पण तिथल्या मजकुरात सर्पदंशावर किंवा विंचवावर उपाय आहे. ज्याला विंचू चावलाय त्याच्या घरच्या माणसाला वाचत बसायला वेळ नाही, त्याला विंचू शोधायचाय. इंग्रजीत भाषांतर झालेली साधारण इ. स. १००० ची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे, १७३१ च्या आगीत कडा होरपळलेली, तिच्यातही हे साप-विंचू दिसतात. त्यामुळे रांगोळीसारखी सरळसोट चित्रं हा दोष आहे असं मला वाटत नाही. दुरून पटकन वेगळं ओळखू यावं अशीच ती आहेत. वहीच्या त्या पानाचा चेहरा म्हणा.

पानगळ सर, एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ओळखायला चित्र लागतच नव्हतं, हे सगळीकडे खरं नसावं. इटलीतल्या पादुआच्या कारारा घराण्यातल्या शेवटच्या राजासाठी, फ्रांचेस्को नोवेल्लोसाठी, १४०० च्या आसपास झालेली पोथी बघा, त्यात वेल अशी पानावर पसरलीय की ताण्याचं वळणसुद्धा खरं आहे, चित्रकाराने नक्की समोर ठेवून काढलंय. ज्याने इतकं बघून काढलं त्याला वाचणाऱ्याने झाडाशी ताडून बघावं असं वाटतच असणार. दुर्दैवाने १४०५ मध्ये व्हेनिसने पादुआ जिंकलं, राजा कैदेत मारला गेला आणि चित्रांसाठी सोडलेल्या कितीतरी जागा कोऱ्याच राहिल्या. त्या कोऱ्या जागा बघवत नाहीत मला, इतकं सांगतो.

आणि रंगपेटी, तुम्ही चित्रकार आहात म्हणून, व्हिएन्नाच्या पोथीत सुरुवातीला एक पान आहे, मधे एक स्त्री मँड्रेक हातात धरून उभी आहे, एका बाजूला डायोस्कोरिडीस लिहितोय आणि दुसऱ्या बाजूला चित्रकार त्या मुळाकडे मान वळवून बघत चित्र काढतोय. सहाव्या शतकात कुणालातरी चित्रकारालाही लेखकाच्या बरोबरीने बसवावंसं वाटलं!

---

पानगळ

कारारा पोथीचं मान्य. मी "लागतच नव्हतं" हे जास्तच सरसकट लिहिलं.

नावांबद्दल एक राहिलं. डायोस्कोरिडीसच्या त्या प्रतींत एका झाडाला रोमन काय म्हणतात, इजिप्तवाले काय म्हणतात, डेशियन (आजच्या रुमानियाकडचे) काय म्हणतात अशा याद्या आहेत. ब्राह्मी मागा, कुणी तुम्हाला मंडूकपर्णी देईल, दोन्ही वेगळ्या वनस्पती, दोन्हींना ब्राह्मी म्हणणारे लोक आहेत. शंखपुष्पीचं तर विचारू नका, माझ्याच घरी एका दुकानातून आणलेली वेगळीच निघाली होती. चित्र आणि चार नावं एकत्र असली की निदान कुठली ब्राह्मी ते तरी कळतं.

---

कुलाबा_लोकल

मुंबईचा धागा आहे आणि गार्सिया द ओर्ताचं नाव अजून नाही म्हणून लिहितो. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहायचा, आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला आपलं मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. टाउन हॉलच्या मागे नौदलाच्या आवारात त्याचा वाडा होता असं मानतात. एशियाटिकच्या, म्हणजे त्याच टाउन हॉलच्या, पायऱ्यांवर बसताना मला दरवेळी ते आठवतं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं भारतीय औषधींवरचं पुस्तक छापलं, सगळं संवादात, एक ओर्ता स्वतः आणि एक नुकताच आलेला पाहुणा वैद्य, तो विचारतो, हा सांगतो. आणि वनस्पतींचं चित्र त्यात एकही नाही! सहाणताई वेखंड नाकाशी धरतात तसंच ओर्ताच्या पुस्तकात चाललेलं असतं, वस्तू आणा, चाखा, बघा. दुसऱ्या एका पोर्तुगीज वैद्याने, क्रिस्तोव्हाव आकोस्ताने, १५७८ मध्ये त्याच विषयावर चित्रांसकट पुस्तक काढलं.

पुढे शंभर वर्षांनी मलबारात डचांनी 'हॉर्टस मलाबारिकस' केलं, १६७८ ते १६९३, बारा खंड, सातशेच्या वर वनस्पती. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय आणि चित्रांवर पण नागरीत नावं आहेत. ते नागरी अक्षर त्या डच पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

---

रंगपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं उतरवून घेतलंय.

रविवारी आजीला माझी झालेली बारा चित्रं दाखवली. तिने भारंगीचं पान बघून लगेच नाव सांगितलं, मला केवढा आनंद झाला, फुलंही बरोबर आहेत म्हणाली, आणि मग म्हणाली, "अगं पण ही भाजीची भारंगी झाली. खोकल्याला तर मूळ लागतं. मूळ कुठाय?" मी मूळ काढलेलंच नव्हतं, मला दिसलंच नव्हतं कधी. घरी येऊन व्हिएन्नाची पोथी परत उघडली तर झाडामागून झाड, मुळासकट. दोन महिने मी ती चित्रं बघत होते आणि ती मुळं मला रचनेचा भाग वाटत होती, पान खालून भरायला काढलेली.

आता ठरवलंय की प्रत्येक पानावर जो भाग औषधाला लागतो तो मोठा काढायचा, आणि बाजूला चार बोटं जागा कोरी सोडायची, नावांसाठी आणि कुणाला काय गुण आला त्यासाठी. आईकडचं कोकणातलं नाव वेगळं, माझ्या सासरी जव्हारला वेगळं, दोन्ही येतील. वेढ्यांसाठी सहाणीचं छोटं चित्र काढून त्यापुढे आकडा घालणार आहे. जंगाल नाही वापरत, जुनी_पोथी, रंगांच्या ट्यूबांवरची माहिती परत तपासली.

सहाणताई, भारंगमूळ बघायला मिळेल का तुमच्याकडे? चित्र काढण्यापुरतं.

---

सहाण

आहे ना, या कधीही, सोमवार सोडून. पण माझ्याकडचं वाळलेले तुकडे केलेलं आहे. दोन्ही काढा, अख्खं ओलं आणि पुडीतलं वाळलेलं, कारण तुमच्या नातवंडांना दुकानात पुडीतलंच दिसणार आहे. ओलं पानगळ सरांना विचारा कुठे बघता येईल. आणि जमलं तर आजींना घेऊन या, आमच्याकडे बसायला खुर्ची आहे, मला त्यांना काकडशिंगीबद्दल विचारायचंय.